राखेतल्या काचा

साल पंचावन्न, आषाढातला सोमवार, सकाळी आठ. जागा: चांदा, बिनबा दरवाज्याबाहेरचे नगरपालिकेचे खतखड्डे. हजर: आरोग्य खात्याचा कारकून, म्हणजे मी; नाकाला रुमाल लावून सफाईचे साहेब; इरई नदीपलीकडच्या एका गावचे पाटील, इथूनच नेऊन परत आणलेल्या खताच्या बैलबंडीसह; त्याच बंडीत पाय लांब करून बसलेली त्यांची सून, तळव्याला रक्ताळलेलं फडकं; आणि खड्ड्यावर कचरा निवडणारी बाई.

या हजेरीत जिचा उल्लेख मी शेवटी केला, तिच्याविषयी लिहायचं आहे.

त्या सकाळी आम्ही तिघं पुरुष एकदम बोलत होतो. बाईनं बंडीतल्या खतात कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं कंदिलाच्या काचेचा नखाएवढा तुकडा बाहेर काढून बंडीच्या कडेला ठेवला. मग दुसरा. मग हिरव्या बांगडीचा एक कपचा. तिच्या बोटांना खरचटलंसुद्धा नाही. मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. साहेबही.

मग ती सुनेकडे वळली. "किती बांध्या राह्यल्या रोवाच्या?"

"तीन."

"मंग कोन रोवून राह्यलं?"

"कोनीच नाई. बाया चिखलात उतरूनच नाई राह्यल्या."

बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाचा रोवणा थांबणं याचा अर्थ काय, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. पऱ्हे, तयार झालेली धानाची रोपं, वाट पाहत नाहीत. पाटील म्हणाले, "साहेब, तुमचं खत चांगलं असन. पन आमच्या बाया अनवानी असतात." आणि बंडी तिथंच रिकामी करून निघून गेले.

आठवड्याभरात कचेरीत ठरलं. येत्या वैशाखात गावांनी खत उचललं तर ठीक; नाहीतर खड्डे बुजवायचे आणि शहराच्या कचऱ्याच्या गाड्या पूर्वीसारख्या नदीकाठी उलटायच्या. खड्ड्यावरची माणसंही अर्थात कमी होणार. हे बाईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती ऐकत होती आणि हात ढिगात चालतच होते.

"नदीकाठी टाकान," ती म्हणाली, "पन बाबू, पूर आला का ते जाईन कुठी? त्याच बांध्यांत."

'कुठी?' हा तिचा प्रश्न तटाच्या आतल्या साऱ्या परकोटात माहीत होता. कोणी म्हणालं, "फेकून दे ते," की ही विचारायची, "कुठी?" आणि उत्तराची खरोखर वाट पाहायची. माणूस गांगरायचा. फेकणं म्हणजे वस्तू संपणं, अशी आपली समजूत असते. तिच्या लेखी काहीच संपत नव्हतं. बांगड्यांचे तुकडे कासाराकडे, पत्रा रॉकेलच्या चिमण्या बनवणाऱ्या टिनवाल्याकडे, औषधाच्या बाटल्या धुऊन दवाखान्यात, चिंध्या गोधडीला, आणि उरलेलं सगळं मातीत. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. चामोर्शीकडच्या गावात पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणा करून ती शहरात आली होती, एवढंच मला माहीत आहे.

कचऱ्यावरून ती घर ओळखायची. एकदा माझ्याच दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "बाई, चार दिवस पाहून राह्यली, तुमच्याकडचा भात गाडीत येते. बाबू जेवत नाईत काय?" बायको रागावली. "आता कचरागाडी आम्हाला किती शिजवायचं ते सांगणार!" पण दुसऱ्या दिवसापासून एक मूठ तांदूळ कमी शिजू लागला, आणि कोणी उपाशी उठलं नाही. साहेबांनाही तिनं सोडलं नाही. ते रुमाल धरून ढीग पाहत होते, तेव्हा म्हणाली, "नाक झाकून दिसत नाई, साहेब."

खत वाचवायला मी माझ्या परीनं धावलो. साफ अक्षरात सूचना लिहिली: 'काच, बांगड्या व पत्रा कचऱ्यात टाकू नये.' छापून घेतली, चारही दरवाज्यांवर लावली, भागाभागात दवंडी दिली. पंधरा दिवसांत निवडलेल्या कचऱ्यात काच जवळपास दिसेना. मी खूश. साहेबांनी पाठ थोपटली.

बाई मात्र एका सकाळी मला हाताला धरून राखेच्या ढिगापाशी घेऊन गेली. राख आम्ही थेट खड्ड्यात टाकत असू. ती निवडायची कशाला? तिनं सुपात दोन ओंजळी राख घेतली, पाखडली. सुपाच्या तोंडाशी काचा चमकल्या, दाण्यासारख्या.

"हे तुमच्या कागदानं झालं, बाबू."

मला समजेना. तिनं समजावून सांगितलं. राखेनं आपण भांडी घासतो. राख कचरा कशी होईल? कागदावर लिहिलं होतं, कचऱ्यात टाकू नका. लोकांनी इमानानं ऐकलं आणि फुटलेली काच चुलीच्या राखेत टाकू लागले. पूर्वी ती उकिरड्यावर निदान दिसत तरी होती. आता राखेत दिसेनाशी होऊन थेट खतात उतरत होती. माझ्याही घरी तेच चाललं होतं. संध्याकाळी मी खात्री करून घेतली.

मी ओशाळून विचारलं, "मग काय लिहू?"

"काय करू नये ते लिहू नका. कुठी ठेवाचं ते लिहा."

त्यातून काम उभं राहिलं. परकोटातल्या घरांची यादी मी केली, चार भाग पाडले. टिनवाल्याकडून जुने डबे आणले. बाई दारोदार जाऊन चुलीच्या बाजूला, हात पोचेल अशा जागी, स्वतः डबा ठेवून यायची. अंगणात नाही, माडीवर नाही, चुलीच्या बाजूला. "काच फुटली का बाई राखेकडेच वळते," ती म्हणायची, "मंग डबा वाटेत पाह्यजे." घर झालं की माझ्या यादीत त्या घरासमोर राखेचा अंगठा. मी पेन पुढे केलं तर हसायची.

आणि जे आधीच खड्ड्यात गेलं होतं, ते? तीन खड्डे भरलेले होते. साहेब म्हणाले, सोडून द्या. बाईनं कार्तिकात पहिला खड्डा उघडला. थरामागून थर, सगळं खत तिच्या हातून आणि सुपातून गेलं. आणखी दोघी मदतीला होत्या, पण त्यांचं निवडून झालेलं ती पुन्हा हातानं पाहायची. फाल्गुन संपेपर्यंत हे चाललं. मी रोज सकाळी जाऊन नोंद करायचो: इतक्या टोपल्या झाल्या, इतक्या राहिल्या. राहिलेल्या टोपल्यांचा आकडा मी पुन्हा पुन्हा तपासायचो. तिनं तो मला कधी विचारला नाही.

वैशाखात मी पाटलांना निरोप पाठवला. ते आले. दोन रिकाम्या बंड्या आणल्या, पण घ्यायचं ठरवून आलेले दिसत नव्हते. सून सोबत होती. जखम भरली होती, पण चालताना टाच अजून जपून टेकवत होती.

"साफ हाय म्हणता," पाटील म्हणाले, "कशावरून?"

मी नोंदवही उघडू लागलो. बाईनं दोघींना पाणी आणायला सांगितलं. खत जमिनीवर वीतभर जाड पसरलं, त्यावर घागरी ओतल्या, पायांनी नव्हे, लाकडानं कालवून चिखल केला. मग लुगडं वर खोचलं, कंबरेत वाकली आणि त्या चिखलात पाठमोरी शिरली.

रोवणारी बाई मागं मागं सरकते, हे तुम्ही पाहिलं असेल. डोळे हातातल्या रोपाकडे. पाय कुठं पडतो ते तिला दिसत नाही. बाई तशीच सरकत होती. हातात रोप नव्हतं, तरी दर पावलाला बोटं चिखलात रोवत होती, आणि टाच सगळ्या वजनानिशी दाबत होती. एक ओळ. दुसरी. साहेबांच्या हातातला रुमाल खाली गेला होता. मी नऊ ओळी मोजल्या. त्या नऊ ओळींत मला कळलं की मी पाच महिने फक्त टोपल्या लिहिल्या होत्या. काम काय चाललं होतं, ते मी पाहिलंच नव्हतं.

ती बाहेर आली. दगडावर बसून पाय धुतले आणि तळवे दाखवले, पाटलांना नाही, सुनेला. सुनेनं खाली बसून दोन्ही तळव्यांवरून अंगठा फिरवला, टाचेपासून बोटांपर्यंत, अगदी सावकाश. मग उठली, स्वतःच्या वहाणा काढल्या आणि चिखलात उतरली. दुखऱ्या पायानं आधी.

चार पावलांनंतर ती म्हणाली, "मामाजी, भरा बंड्या."

त्या वर्षी रोवणा थांबला नाही. पुढच्या वर्षी आणखी गावं आली. खड्डे बुजवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या पौषात बाई तापानं गेली. तीन दिवसांचा ताप. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भेटलो, तेव्हा तिनं विचारलं ते एवढंच की खड्ड्याचं खत अजून तापून राह्यलं का थंडावलं, म्हणजे कुजून तयार झालं. मी म्हणालो, थंडावलं. मी हात घालून पाहिलेलं नव्हतं.

यादीतले तीन भाग अंगठ्यांनी भरले आहेत. चौथ्या भागात डबे पोचायचे राहिले होते, म्हणून तिकडची राख ती वेगळी उतरवून घ्यायची आणि एकटी पाखडायची. ती राख पौषापासून तशीच साचते आहे. पाटलांचा निरोप आला आहे, बंड्या अक्षय तृतीयेनंतर येतील.

परवा सकाळी मी तिथं गेलो. सूप जागेवर होतं. चपला काढल्या आणि ढिगाच्या कडेला उभा राहिलो. ढिगात पाय टाकला नाही, सूपही उचललं नाही. चपला घालून कचेरीत आलो आणि वहीत लिहिलं: चौथा भाग, डबे देणे. राख, पाखडणे.

दोन्ही कामं राहिली आहेत.