गल्लीत फायबर आलं तेव्हा

नगर निगमाने आमच्या वॉर्डात घरोघरी फायबरचं इंटरनेट द्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या गल्लीत ते नको असलेली मी एकटीच होते. बाकी लोक खूश होते, आणि त्यांचं बरोबरच होतं. उज्जैनला देवास गेटमागच्या आमच्या भागात घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की मोबाइलचं नेटवर्क आलं तर खिडकीपाशी येतं, नाहीतर गच्चीवर जा.

सगळ्यात जास्त खूश आई होती. आई ऐंशीच्या पुढची, कानांनी ठार बहिरी. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून तिने डब्यात घालून ठेवलं होतं. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची आणि फार छान ओळखायची. मी बँकेतून रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात आम्ही दोघीच असायचो. मी पुटपुटलेलंही तिला कळायचं, त्यामुळे तिच्यावर मनसोक्त चिडायची सोयही उरली नव्हती.

तिला इंटरनेट हवं होतं ते मावशीसाठी. मावशी तिची थोरली बहीण, ग्वाल्हेरला मुलाकडे राहायची. यजमान गेल्यावर मावशी म्हणाली होती, थोडे महिने उज्जैनला येऊन राहते, रोज क्षिप्रेवर जाईन, मन रमेल. आई चारचौघांत बोलून गेली, "आमचं घर लहान आहे, तुझीच अडचण होईल." मावशी नुसती हसली. पण त्यानंतर ती कधी उज्जैनला आली नाही. आपण असं का बोललो ते आईला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. घर लहान होतं हे खरं, पण त्याच घरात आम्ही लग्नाची वऱ्हाडं उतरवली होती.

तिला मावशीची माफी मागायची होती, आणि मावशी त्यावर काय म्हणते ते कळायला हवं होतं. फोनवर उत्तर ऐकू येणार नव्हतं. पत्र लिही म्हटलं तर म्हणाली, "अक्काला आता वाचता कुठे येतं? सून वाचून दाखवणार. सुनेसमोर कशाला तमाशा?" व्हिडिओ कॉल लावून पाहिले. मावशीचं तोंड उघडायचं आणि तसंच अडकून बसायचं. आई डोळे बारीक करून बघत राहायची आणि मग फोन माझ्या हातात देऊन म्हणायची, "काही समजलं नाही. रागावली आहे की जांभई देते आहे?"

मग आईला हार्ट अटॅक आला. ती फ्रीगंजच्या एका दवाखान्यात असतानाच तिकडे मावशी गेली. मावसभावाचा फोन मी दवाखान्याच्या जिन्यात घेतला. स्वतःची आई गेलेली, तरी तो माझ्या आईची काळजी करत होता. "ताई, मावशीला आत्ता नको सांगूस," म्हणाला. डॉक्टरही म्हणाले होते, "इन्हें कोई झटका नहीं लगना चाहिए." मी जिन्यातच रडून घेतलं, तोंड धुतलं आणि आत गेले. आईने विचारलं, "डोळे का लाल?" मी म्हटलं, जागरण.

आई घरी आली, हिंडूफिरू लागली, तरी माझ्याने सांगवलं नाही. सांगून टाकायचंच असं ठरवून सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि भाजी कोणती करू विचारून उठायचे. अक्काला लाव म्हणाली की मी म्हणायचे, नेट नाही. ते खोटंही नव्हतं. उभ्या जन्मात नेटवर्कचे उपकार मानणारी बाई मीच असेन.

एकदा ती हट्टालाच पेटली. "तू तर फोनवर बोलतेस ना तिच्याशी? मग विचार तिला, माझ्या त्या बोलण्याचा राग आहे का अजून." मी आज विचारते, उद्या विचारते करत राहिले. शेवटी तिचं जेवणावरचं लक्ष उडालं, आणि मी वैतागून सांगून टाकलं, "विचारलं. म्हणाली, कधीची विसरले मी ते." आईचा चेहरा असा काही सैल झाला की मला भीती वाटली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. पण तेवढ्याने भागलं नाही. तिला ते अक्काच्या ओठांवर बघायचं होतं.

आणि अशात गल्लीत बॅनर लागलं. हात जोडलेले पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, आणि खाली घरोघरी इंटरनेट. आईने बाल्कनीतून ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "यांचं काम म्हणजे तुला माहीत आहे." ती म्हणाली, "होऊन जाईल गं. तू ना, शुभ बोलूच नकोस."

खुदाई सुरू झाली. गल्ली उकरली, पाण्याची लाइन फुटली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी निगमाच्या नावाने बोटं मोडली. आई मात्र मजुरांना चहा पाठवायची. वरून हातवारे करून विचारायची, कधी? ते खालून सांगायचे, "बस अम्माजी, हफ्ता-दस दिन." मग ठेकेदार गायब झाला आणि काम रखडलं. लोक तक्रारी करत हिंडत होते आणि मी मनातल्या मनात त्या ठेकेदाराला दुवा देत होते. शेजारीण आमचं नाव नोंदवून आली तेव्हा कळलं, आईनेच तिला पाठवलं होतं. मी ते काम कधी करणार नाही हे तिने ओळखलं होतं. कारण मात्र तिला वाटलं आळस.

शेवटी ठेकेदार उगवला, खड्डे बुजले, आणि एका दुपारी दोन माणसं येऊन टीव्हीच्या वर भिंतीवर पांढरा डबा ठोकून गेली. डब्यावर हिरवा दिवा लागला. आईने जरीकाठाची साडी नेसली, केस नीट बांधले आणि म्हणाली, "आता अक्काला लाव."

मी मावसभावाला आधीच फोन केला होता. अक्काला बरं नाही, झोपली आहे, असं त्याने सांगायचं. मग हळूहळू आजार वाढवत न्यायचा आणि महिन्याभराने सांगायचं. काय बोलायचं ते आम्ही दोघांनी नीट ठरवलं होतं. कुठे बसून बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

इतकं स्वच्छ चित्र आमच्या घरात कधी आलं नव्हतं. मावसभावाच्या दाढीचे पांढरे केस दिसत होते. तो सावकाश, ओठ नीट हलवून म्हणाला, "मावशी, नमस्कार. आई झोपली आहे." आईने मान हलवली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर मावशीचा फोटो होता आणि फोटोला चंदनाचा हार. मागे असं काही आहे हे जुन्या कॉलमध्ये कधी कळलंच नसतं, म्हणून ते त्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

"अक्काला हार का घातला आहे?" आईने विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघितलंच नाही. मीच फोन बंद केला. आई थोडा वेळ हिरव्या दिव्याकडे बघत बसली. नंतर म्हणाली, "पाणी तापव. अंघोळ करायला हवी." गेल्याची बातमी उशिरा कळली तरी अंघोळ करतात आमच्यात. मी गीझर लावला आणि बाथरूमच्या दाराशी उभी राहिले. आत बराच वेळ पाणी पडत होतं, आणि आपलं रडणं बाहेर किती मोठं ऐकू येतंय हे तिला कळत नव्हतं.

ती ओल्या केसांनी बाहेर आली, पलंगावर बसली. मी टॉवेल घेऊन पुढे झाले. केव्हा, तिने विचारलं. मी सांगितलं, तू दवाखान्यात होतीस तेव्हा. तिने मनाशी काहीतरी जुळवलं. मला वाटलं आता रागावेल, आणि तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

"म्हणजे ते, कधीची विसरले मी," ती म्हणाली, "ते अक्का नाही म्हणाली?"

मी टॉवेल तिच्या केसांवर धरला आणि तिच्या पाठीमागे गेले. तिने माझं मनगट पकडलं आणि मला ओढून पुढे आणलं.

"माझ्यासमोर ये," म्हणाली. "मागून मला काही कळत नाही."