उजवं मागचं चाक

गॅरेजात सगळे त्याला थेंबकाका म्हणत. ब्रेकचं काम झालं की तो चाकाखाली वर्तमानपत्र अंथरायचा, ड्रायव्हरला पेडल दाबून धरायला लावायचा आणि कागदाकडे टक लावून बसायचा. एक थेंब पडला की सगळं पुन्हा खोलायचं. "काका, घरचा नळ गळला तर घास तरी उतरतो का हो?" अशी थट्टा चालायची. तोही हसायचा. ही सवय भाऊ गेल्यापासूनची आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

भावाचा ट्रक उतारावरून थेट खाली गेला होता. त्याच सकाळी काकाने त्याचे ब्रेक सिलिंडर खोलून नवी रबरं घातली होती. भाऊ पिंपावर बसून एकच घोकत होता, "राहू दे रे ब्रेकचं. जाऊ दे मला." त्या गडबडीत उजव्या मागच्या चाकातलं रबर उलटं तर बसलं नाही ना? रबर उलटं बसलं की तेल गळतं, आणि तेल गेलं की पेडल नुसतं पोकळ. बाकीच्या चाकांची त्याला खात्री होती, या एकाची नव्हती. तेव्हापासून वहिनीसमोर त्याने मान वर केली नाही.

आज एक जुना ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "मागचा ॲक्सल भंगारातून उचललाय काका. ब्रेकचं काही खरं नाही."

काकाने उजव्या चाकाचा ड्रम काढला आणि सिलिंडर पुसला. पंचने ठोकलेली दोन टिंबं. गिऱ्हाइकाच्या कामावर तो आपली खूण म्हणून एकच ठोकायचा. दोन फक्त भावाच्या.

न खोलता फेकून दिला असता तरी कुणी विचारलं नसतं. पण त्याने तो व्हाइसमध्ये आवळला आणि गंजलेले पिस्टन ठोकून ठोकून बाहेर काढले. दोन्ही रबरांच्या कडा आतल्या बाजूला, तेलाकडे होत्या. अगदी हव्या तशा. आत काळपट तेलही शिल्लक होतं. म्हणजे त्या दिवशी ब्रेक दाबले असते तर लागले असते.

"काय निघालं, काका?"

"काही नाही. धड आहे."

चूक आपली नाही असं कळलं तर जन्माचं ओझं उतरेल, असं त्याला वाटत आलं होतं. आता मात्र, आपलीच असती तर किती बरं झालं असतं, असं वाटून त्याला रडू फुटलं. पिंपावर बसलेला भाऊ पुन्हा दिसला. एकदाही घड्याळाकडे न बघणारा, पाय हलवत बसलेला. त्याला कसली घाई नव्हतीच.

"राहू दे रे ब्रेकचं," तो म्हणत होता.