चवड्यांवर उभं राहता येईना

हर्षाली आहेर मूळची देवळ्याची, कांदा पिकवणाऱ्या घरातली. कबड्डीत राज्य पातळीपर्यंत खेळली आणि पुढे पंचवटीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. एकतिसाव्या वर्षी मुलींना चवड्यांवर उभं राहून दाखवायला गेली, तर तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्याच जाईनात. मॅडम गंमत करतायत असं वाटून मुली हसल्या.

सराव कमी पडतोय असं वाटून ती रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायची आणि धावत उतरायची. पोटऱ्या उलट बारीक होत गेल्या. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे वाढलेले. कावीळ आहे असं धरून वर्षभर औषधं आणि पथ्य चाललं. डोळे कधी पिवळे झालेच नव्हते.

शेवटी न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टर यशश्रींनी सीपीके ही स्नायूंची तपासणी करायला लावली. दोनशेच्या आत असायला हवा तो आकडा चौदा हजार निघाला. नमुना बदलला असेल म्हणून लॅबने पुन्हा रक्त घेतलं. आकडा तोच. मग जनुकांची तपासणी झाली.

"ताण आला की स्नायूंच्या तंतूंना बारीक चिरा पडतात, सगळ्यांच्याच," डॉक्टर म्हणाल्या. "डिस्फर्लिन नावाचं प्रथिन त्या बुजवतं. तुमच्या शरीरात ते बनतच नाही."

यकृताचे वाटलेले आकडेही या फाटलेल्या स्नायूंमुळेच वाढले होते.

"आणि मी पायऱ्या उतरत होते ते?"

"उतरताना स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो. सगळ्यात जास्त चिरा तेव्हाच पडतात."

बरं होण्यासाठी म्हणून हर्षालीने आपलेच पाय फाडले होते.

जनुकातला हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, भावाचीही तपासणी करा, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊ वाल्मीक पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहणारा. "मला काय झालंय? लय ठणठणीत हाय मी," तो फोनवर म्हणाला. हर्षाली स्वतः देवळ्याला गेली आणि त्याला लॅबमध्ये घेऊन आली. आकडा आला नऊ हजार.

घरी आईला आकडा सांगितला. ती नात्याने वडिलांची मामेबहीण होती; एकच दोष दोघांकडून कसा आला, ते तिला समजलं. तिने वाल्मीकला एवढंच विचारलं, "दुखतं का रे?"

"नाय," वाल्मीक म्हणाला. "काहीच नाय दुखत."

या आजारावर अजून औषध नाही. वाल्मीकने गोण्या उचलणं बंद केलं. तो आता फक्त ट्रॅक्टर चालवतो. हर्षाली मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून कबड्डी शिकवते, आणि दम लागेपर्यंत पळणाऱ्या मुलींकडे पाहताना अजूनही मध्येच स्वतःच्या पोटऱ्या चाचपते.