नाजूक हातांची बातमी

विशेषणमास्तरांची आणि त्यांच्या बायकोची पहिली भेट मृत्यूच्या दाढेत झाली, असं मास्तर सांगत. लिफ्ट आकाश-पाताळाच्या मधोमध लोंबकळत होती, प्राण कंठाशी आले होते आणि तेवढ्यात दार फाकवून साक्षात देवदूत अवतरला! प्रत्यक्षात लिफ्ट तळमजल्यापासून वीतभर वर अडकली होती. देवदूताच्या हातात पाना होता. "डोळे उघडा," ती म्हणाली, "आणि पायरी उतरल्यासारखं उतरा." मास्तर उतरले ते थेट संसारात.

मास्तर एका वर्तमानपत्रात बातम्या सजवत. विशेषणाशिवाय नाम म्हणजे त्यांना थंडीत उघडं पडलेलं पोर वाटे, म्हणून तर सहकाऱ्यांनी हे नाव पाडलं होतं. पुरुष रडला की ते लिहीत, 'डोळ्यांच्या कडा पाणावल्या'. बाई रडली की 'हंबरडा फोडला', मग ती बिचारी नाक पुसण्यापुरती का रडली असेना. पुरुष निवडणुकीत 'मैदान मारी', बाई 'घर सांभाळून मैदान मारी'. स्वतःच्या घरी मात्र भांडी मास्तरच घासत, पण त्याला विशेषण लावायचं त्यांना कधी सुचलं नाही.

बायको लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होती. मुख्य मेकॅनिकची जागा रिकामी झाली होती आणि ती तिलाच मिळणार अशी कुजबुज होती. नेमकी तेव्हाच एका इस्पितळाची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली. तिने वर जाऊन जाम झालेला ब्रेक सोडवला आणि माणसं बाहेर काढली. मदतनिसाने टॉर्च धरला. बातमी आली मास्तरांच्याच टेबलावर.

"सरळ लिहा हं," बायकोने फोनवर बजावलं. "ब्रेक जाम झाला, मेकॅनिकने सोडवला. संपलं."

"अगं, पण जरासा रंग..."

"रंग भिंतीला द्या. आमचे साहेब तुमचा पेपर वाचतात."

"बरं बाई, शब्द दिला."

शब्द दिला खरा, पण हाताची सवय कुठे जाते? सकाळी मथळा झळकला: 'नाजूक हातांची किमया! भेदरलेल्यांना मायेचा धीर'. खाली, 'पोलादी छातीच्या पठ्ठ्याची अंधाराशी झुंज'. हा पठ्ठ्या म्हणजे टॉर्चवाला.

कंपनीचे साहेब गहिवरले. "एवढी मायाळू बाई आपण ग्रीसमध्ये बुडवून ठेवली!" म्हणत त्यांनी तिला सन्मानाने तक्रारींच्या खिडकीत बसवलं, चिडलेल्या ग्राहकांना धीर द्यायला. मुख्य मेकॅनिक झाला पोलादी छातीवाला.

"मी कुणाला धीर दिला हो?" तिने घरी विचारलं. "मी तर ओरडत होते, बटणं दाबू नका, गाढवांनो!"

"मला वाटलं, तुझं कौतुक होईल."

"झालं की! खुर्ची मिळाली, पंखा मिळाला. पाना तेवढा गेला."

मास्तर तडक संपादकांकडे गेले. "साहेब, बातमीत चूक झालीय, दुरुस्ती छापायचीय. हात नाजूक नाहीत."

"कुणाचे?"

"बायकोचे."

संपादक इतके हसले की चहा शर्टावर सांडला. "अहो, घरची भांडणं घरात मिटवा!"

दुरुस्ती छापली गेली नाही. बायको वर्षभर त्या खिडकीत बसली आणि मग दुसऱ्या कंपनीत साधी मेकॅनिक म्हणून लागली. मुख्य मेकॅनिक ती कधीच झाली नाही.