पुसलेला बाण

उपनगरातल्या शेवटच्या बसथांब्यासमोर टेकडीचं फाटक आहे. आत तळं, झोपाळे, झाडाखालची बाकडी आणि तीन पायवाटा. एक तळ्याचा फेरा, बाबागाडी ढकलत जाता येईल असा. दुसरी झाडीतली मधली वाट, तासाभराची. तिसरी माथ्यावर जाणारी, जरा दम काढणारी. तिन्ही वाटांवर दगडांवर, खोडांवर पिवळे बाण आहेत आणि ते सगळे एकाच बाईच्या हातचे. त्यामुळे रखवालदार तिला बाणवाली म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

ती मूळची पाट्या रंगवणारी. एकवीस वर्षं तिनं दुकानांची नावं रंगवली. पुढे छापील फलक आले आणि तिचा मालक कुलूप लावून मोकळा झाला. नवरा आधीच गेलेला, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. अशा वेळी ही टेकडीची नोकरी मिळाली. "अक्षर चुकलं तर दुकानदार ओरडायला येतो," ती म्हणायची, "बाण चुकला तर ओरडणारा कुठे गेलाय हेच कळत नाही." आणि म्हणून ती जीव ओतून काम करायची.

त्या शुक्रवारी ती मधल्या वाटेवरच्या फाट्याशी होती. तिथल्या मोठ्या दगडावरच्या बाणाचे पोपडे निघाले होते. डावीकडे तळ्याकडे उतरणारी अरुंद वाट, बाण तिकडेच वळायचा. उजवीकडची चांगली रुंद, कारण पूर्वी तिथून दगडाच्या गाड्या जायच्या. ती थेट बंद पडलेल्या खाणीच्या काठावर निघते. तिनं जुना बाण खरवडून काढला, दगड पुसला आणि डबा उघडला तर पिवळा रंग तळाशी वाळून दगड झालेला. सामानाची कोठी पाचला बंद होते. उद्या करू, असं म्हणून ती खाली उतरली. शनिवारी टेकडीच्या कचेरीतल्या साहेबांनी तिला बाकडी रंगवायला लावली आणि फाटा तिच्या डोक्यातून साफ निघून गेला.

रविवारी दुपारी चारला एक बाई धापा टाकत कचेरीत शिरली.

"माझा भाऊ दिसला का कुणाला? मघाशी वर गेला, अजून खाली आला नाही!"

साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती बसेना. भाऊ सदुसष्ट वर्षांचा. शिंपीकाम करायचा, आता घरीच असतो. दोघं दर रविवारी इथे येत. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती तळ्याशी बसते आणि तो मधल्या वाटेनं फिरून येतो.

"लाउडस्पीकरवर नाव पुकारतो," साहेब म्हणाले.

"उपयोग नाही हो! त्याला लहानपणापासून ऐकू येत नाही."

सहाला अंधारून येणार होतं.

"वाट सोडून गेले असतील का?"

"छे! त्याला वाटा लक्षात राहत नाहीत, बाण सोडून तो पाऊल टाकत नाही. त्याचा सगळा कारभार डोळ्यांवर."

बाणवाली दाराशी उभी होती. खरवडलेला दगड तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. साहेब एका रखवालदाराला तळ्याकडे, दुसऱ्याला माथ्याकडे पाठवत होते. तिच्या मनात आलं, गुपचूप जावं, त्याला शोधून आणावं, नवा बाण रंगवावा, कुणाला पत्ताही लागणार नाही. ती फाटकापर्यंत गेलीसुद्धा. मग थांबली. तो काठावरून खाली पडला असेल तर? एकटी काय करणार होती ती?

ती उलटी पळत आली.

"साहेब, माथ्यावर नको. खाणीकडे माणूस पाठवा. फाट्यावरचा बाण मी शुक्रवारी पुसला. नवा काढलाच नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "हे आत्ता सांगताय?"

ती बहीण तिच्याकडे नुसती बघत राहिली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोठीतला नायलॉनचा दोर खांद्यावर टाकून बाणवाली निघाली. मागून एक लठ्ठ रखवालदार धापा टाकत येत होता. चढावर ती कुठेच थांबली नाही. फाट्याशी दगड कोरा करकरीत. उजवीकडच्या धुळीत चपलांचे ठसे होते, एकट्याचे, फक्त जाणारे.

खाण दिसली. वाटेच्या खाली चारेक हातांवर सुट्या खडीचा उतार होता, पुढे एकदम कडा आणि तळाशी हिरवं पाणी. त्या खडीवर तो उभा होता, तिच्याकडे पाठ करून. बहुधा घसरत खाली गेला असावा. वर यायला तो पाय उचलायचा आणि खडी त्याला आणखी वीतभर पुढे न्यायची. मग तो तसाच थिजून उभा राहायचा.

हाक मारून उपयोग नव्हता. खाली उतरून खांद्याला हात लावावा, तर तो दचकेल. आणि ती उतरली तर सगळी खडीच सुटेल.

सूर्य तिच्या मागे कलला होता. तिची सावली उतारावरून लांबच लांब पडून त्याच्या चपलांपाशी पोचली होती. तिनं दोन्ही हात वर केले आणि हळूहळू हलवले. खडीवर सावलीचे हात हलले. तो खाली बघतच होता. त्यानं मान जरा वळवली. मग आणखी जरा.

त्यानं तिला पाहिलं. तिनं तळवा खाली दाबून खूण केली, बसा. तो टेकत टेकत खाली बसला. मूठभर खडी कड्यावरून गेली. पाण्यात पडल्याचा आवाज तिला आला, त्याला नाही.

रखवालदार पोचला. दोघांनी दोर झाडाला बांधला आणि टोक खाली सोडलं. कंबरेला गुंडाळा, असं तिनं स्वतःच्या कंबरेवर हात फिरवून दाखवलं. शिंप्यानं अशी काही पक्की गाठ मारली की नंतर ती सोडवता सोडवेना. दोघं ओढत होती, तो पाठीवर सरकत वर येत होता. वर आल्यावर त्यानं तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं, बाकी तो धडधाकट होता.

खाली बहिणीनं त्याला मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला, मग रडली. बाणवालीशी ती एवढंच बोलली, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. मी दुसरं काही म्हणू शकत नाही आज."

साहेबांनी तिला आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं. मुलगी चिडली. "माणूस सापडला ना? मग बोलायची काय गरज होती?"

"सापडायच्या आधी बोलले, म्हणून सापडला," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

पण तिला आठवडाभर झोप नीट लागली नाही. डोळा लागला की खडी सरकायची.

नवव्या दिवशी ती कामावर गेली. साहेबांनी खाणीच्या वाटेवर तोवर लोखंडी आडवा दांडा टाकून घेतला होता. तिनं कोठीतून दोन नवे डबे घेतले, दोन्ही तिथेच उघडून काडीनं ढवळून पाहिले आणि मगच चढ चढायला लागली.