हरणांची भूक

खाली सोसायटीत गवत कापलं, की त्या वासाने मला माझी हरणं आठवतात. कॉम्प्युटर गेममधल्या प्राणिसंग्रहालयातली. ती चरली की तिथलं गवत खरंच संपायचं, मग चारा टाकावा लागायचा. दहावीच्या परीक्षेपुरती मी ती दादावर सोपवली. रोज विचारायचे, “चारा टाकलास?” तो म्हणायचा, “टेन्शन नको घेऊ, मजेत आहेत.” परीक्षा संपल्यावर बघितलं, तर गवत हिरवंगार. मी चारा टाकला. एकही हरण फिरकलं नाही. दादाने सेटिंगमध्ये जाऊन त्यांची भूकच बंद करून टाकली होती. वर मलाच म्हणाला, “मेलं का एक तरी?” खोटं बोलला, असंही म्हणता येईना. आता आई त्याच्याकडे सीवूड्सला असते. “मजेत आहे,” तो फोनवर सांगतो. मी म्हणते, “तिला दे फोन. जेवली का, ते तिलाच विचारते.”