तुळाबाईची गाठ

या मंडळी, पुढं सरकून बसा. बुवा अजून पागोटं बांधतायत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर कमळाजाची गोष्ट सांगतो. चित्त निवेल.

आमच्या डोंगरावर पहिली वस्ती धनगरांनी केली. त्यांची घरं, दळायची जाती, घोंगड्यांचे माग जपून उघड्या माळावर संग्रहालय केलंय. तिथं कमळाजा पाहुण्यांना घोंगडी विणून दाखवते. पण महिना झाला, ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे तटातट तुटतायत. उद्यापर्यंत माग चालला नाही, तर त्याला दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी लागणार. तिच्या जिवाला घोर मात्र वेगळाच. बाईनं सूत कातायचं, विणायचं पुरुषानं, ही घरची रीत. सासरे बिरूमामा वारले आणि विणकर पाय सोडून बसतो त्या त्यांच्या मागाच्या खड्ड्यात ती उतरली. मामा कोपले असतील का?

भर दुपार. तुटल्या धाग्याची दोन टोकं मुठीत धरून ती खड्ड्यात पाय सोडून बसलीये. डोळा लागतोय, की लागलाय...

"सूनबाई, सरक जरा."

शेजारी मामा. मिशीला चिंचोक्याची खळ लागलेली, नेहमीसारखी. ती पदर सावरत उठायला बघते.

"बस गं. मेलेल्याला कसला मान?"

पूर्वरंगातून बुवा उत्तररंगात कधी शिरले ते कळत नाही, तसं वरचं पत्र्याचं छप्पर केव्हाच गेलंय. मागाच्या खड्ड्यात मेंढरं पाणी पितायत. तिकिटाच्या खिडकीत साक्षात बिरोबा बसलाय, येईल त्याच्या हातावर भंडारा ठेवतोय.

"मामा, रागावलात?"

"रागावलोय तर! ताण्याला खळ सावलीत लावतीस?"

"पाहुण्यांना ऊन लागतं, म्हणून छपराखाली..."

"पाहुण्याला सावली दे, ताण्याला ऊन दे. ओल्या खळीचा धागा ओढ कसा सोसंल?"

"आणि मी खड्ड्यात उतरले ते?"

मामा खाली बघतात. देवासमोर चूक कबूल करावी तसं हळू बोलतात. "माझे डोळे गेले हुते, तवा दोन वरसं तुझ्या सासूनं विणलं. दार लावून. बाजारात नाव माझं झालं. तुळाचं कुणी घेतलं न्हाई. मी बी न्हाई."

"आत्याबाई? विणायच्या?"

"माझ्यापरीस चांगलं." ते तिच्या मुठीतली टोकं घेतात, एका हातानं गाठ मारतात. "ही तिचीच गाठ. तूच बघ आता, तिचं नाव..."

एक मेंढरू कमळाजाचा पदर ओढतं आणि ती जागी होते.

छप्पर जागच्या जागी. खिडकीत तिकिटवाल्या ताई पेंगतायत. ती मूठ उघडते. धागा अखंड. मधोमध मोहरीएवढी गाठ. अशी गाठ तिला आजवर कधी जमलेली नाही.

ती सगळा ताणा उचलते, माळावर उन्हात पसरते आणि हाक मारते, "ताई, ती पाटी लावाच! फकस्त त्यावर काय लिवायचं ते मी सांगते!"

मंडळी, त्या माळावर गेलात तर माग वाजताना ऐका, पाटी वाचा. आणि आज बुवा नामस्मरणाला हात जोडायला सांगतील, तेव्हा देवाच्या नावाला लागून तुळाबाईचंही नाव घ्या. एवढंच मागणं.